क्लाउड आला म्हणून रेफरन्स मॉडेल कालबाह्य ठरत नाही

मोठ्या उद्योगांसाठी वितरित प्रणाली, म्हणजे अनेक संगणकांवर विभागून चालणाऱ्या प्रणाली, बांधणाऱ्या अभियंत्यांमध्ये एक दावा सर्रास ऐकू येतो आणि आता तो जवळजवळ गृहीत धरला जातो. दावा थोडक्यात असा आहे : आरएम-ओडीपीसारखी रेफरन्स मॉडेल (प्रणालीची रचना कशी मांडावी हे सांगणारे सामायिक आराखडे) ही १९९० च्या दशकात समित्यांनी लिहिलेली कागदपत्रे आहेत; ती ज्या कॉर्बासाठी (वेगवेगळ्या संगणकांवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी जोडणाऱ्या तंत्रज्ञानासाठी) होती ते कॉर्बाच मागे पडले; वितरणातली अवघड कामे आता क्लाउड आणि कुबरनेटिस (अनेक संगणकांवर प्रोग्रॅम चालते ठेवणारी प्रणाली) परस्पर करतात; मॉडेलचे पाच दृष्टिकोन म्हणजे पाचपट कागद; आणि तसेही ते कोणी वापरत नाही. हे सगळे मुद्दे एका दमात ऐकताना पटतात, पण एकेक सुटा करून तपासला की त्यांतले फार थोडे उरते.

ज्याच्याविषयी बोलायचे ते मॉडेल काय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. ‘ओपन डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसिंग’चे (ओडीपीचे) हे रेफरन्स मॉडेल आयएसओ/आयईसी १०७४६ या चार भागांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आयटीयू-टी या विभागाच्या एक्स.९०१ ते एक्स.९०४ या शिफारशींत आहे. त्याचे दोन मुख्य भाग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच प्रणालीकडे पाच बाजूंनी पाहावे, असे ते सांगते. एंटरप्राइज दृष्टिकोनात प्रणाली कोणासाठी आहे, त्यात कोणाच्या कोणत्या भूमिका आहेत आणि कोणावर कोणते बंधन आहे, हे येते. माहितीच्या दृष्टिकोनात माहितीचा अर्थ आणि तिने कोणत्याही क्षणी पाळायचे नियम येतात, तर संगणनाच्या दृष्टिकोनात कामाची घटकांत झालेली विभागणी आणि त्या घटकांचे इंटरफेस, म्हणजे एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले मार्ग, येतात. अभियांत्रिकीच्या दृष्टिकोनात वितरण प्रत्यक्ष कसे साधायचे ते येते, म्हणजे नोड (प्रणालीतले संगणक), त्यांना जोडणारे चॅनेल आणि माहितीच्या प्रती. कोणते उत्पादन वापरायचे हा प्रश्न शेवटच्या, तंत्रज्ञानाच्या दृष्टिकोनात येतो.

कॉर्बाबरोबर हे मॉडेलही संपले, हा पहिला मुद्दा इथेच अडखळतो. कॉर्बा ही ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या वेगळ्या संस्थेची निर्मिती होती आणि तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये, म्हणजे या मॉडेलच्या मुख्य भागांच्या आधीच आली होती. दोन्हींमध्ये देवाणघेवाण झाली हे खरे आहे, पण मॉडेलच्या हिशेबात कॉर्बाची जागा तंत्रज्ञानाच्या दृष्टिकोनात आहे आणि त्या खान्यातली नावे बदलत राहणार हे मॉडेलने आधीच धरलेले आहे. मानकाच्या दोन मुख्य भागांची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये निघाली आणि त्याच्या एंटरप्राइज भाषेचे मानक २०१५ मध्ये पुन्हा सुधारले गेले. कॉर्बा मागे पडल्यानंतरच्या या घटना आहेत.

याच मुद्द्याला जोडून ओएसआय या नेटवर्कसाठीच्या रेफरन्स मॉडेलचा दाखला दिला जातो : सात थरांचे ते मॉडेल १९८४ मध्ये मानक झाले आणि आजचे इंटरनेट ज्यावर चालते त्या टीसीपी/आयपीपुढे हरले, मग ओडीपीचे वेगळे काय होणार? हरले ते ओएसआयचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम. मॉडेलने दिलेली थरांची भाषा आजही रोज वापरली जाते. येणारे काम अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा लोड बॅलन्सर चौथ्या थरावर हवा की सातव्या, हा प्रश्न आज क्लाउडवर काम करणारा कोणताही अभियंता विचारतो आणि समोरच्याला तो समजावून सांगावा लागत नाही. रेफरन्स मॉडेलकडून अपेक्षा असते ती हीच.

अवघड कामे आता क्लाउड आणि कुबरनेटिस करतात, हा दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. वितरणामुळे येणारी गुंतागुंत प्रोग्रॅमरपासून झाकण्याला ओडीपी पारदर्शकता म्हणते आणि तिचे आठ प्रकार सांगते : संपर्काची पद्धत, स्थान, बिघाड, स्थलांतर, पुनर्स्थापन, प्रती, टिकाऊपणा आणि व्यवहार. कुबरनेटिस यांतले काही प्रकार चांगले सांभाळते. एका नोडवरचा पॉड (कुबरनेटिसमध्ये प्रोग्रॅम चालवण्याचे एकक) जाऊन त्याच्या जागी दुसऱ्या नोडवर नवा पॉड आला आणि आयपी पत्ता बदलला, तरी त्याला हाक मारणाऱ्या सेवेला ते कळत नाही. बंद पडलेला कंटेनर, म्हणजे पॉडमधला प्रोग्रॅमचा गठ्ठा, आपोआप पुन्हा सुरू होतो. पण व्यवहार अर्ध्यावर तुटला तर काय करायचे, याचे उत्तर कुबरनेटिसकडे नाही आणि ते असूही शकत नाही, कारण ते उत्तर संगणकाच्या आत नसते.

यूपीआयचे उदाहरण घेऊ. पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेने खात्यातून रक्कम वजा केली, घेणाऱ्याच्या बँकेला जमा करण्याचा संदेश गेला आणि उत्तर वेळेत आले नाही. रक्कम जमा झाली की नाही, हे त्या क्षणी पाठवणाऱ्याच्या बाजूला कोणालाच ठाऊक नसते. सर्व्हिस मेशमध्ये, म्हणजे सेवांमधले संदेश हाताळणाऱ्या थरात, आपोआप पुन्हा प्रयत्न करण्याची सोय चालू असेल आणि तोच संदेश दुसऱ्यांदा आल्याचे पलीकडची सेवा ओळखू शकत नसेल, तर एकच रक्कम दोनदा जमा होईल. याचा अर्थ, प्लॅटफॉर्मने मदत म्हणून केलेल्या कृतीनेच नुकसान होईल.

अशा वेळी काय व्हायला हवे, हे रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवले आहे. खात्यातून रक्कम गेली पण घेणाऱ्याच्या खात्यात ती जमा करता आली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत गेली पाहिजे. दुकानदाराला पैसे देताना रक्कम वजा झाली पण दुकानात खात्रीचा संदेश पोहोचला नाही, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली की ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हे निखळ एंटरप्राइज दृष्टिकोनातले बंधन आहे आणि ते तिथून खाली उतरवत नेले की प्रत्येक दृष्टिकोनात काहीतरी घडावे लागते. माहितीच्या बाजूने पाहता व्यवहाराला यशस्वी आणि अयशस्वी या दोनच अवस्था पुरत नाहीत, अनिर्णित ही तिसरी अवस्था लागते. शिवाय एका व्यवहार क्रमांकावर रक्कम जास्तीत जास्त एकदाच जमा होईल, हा नियम लागतो. संगणनाच्या बाजूने स्थिती विचारण्याची आणि रक्कम उलटवण्याची स्वतंत्र क्रिया लागते, आणि ती कितीही वेळा केली तरी परिणाम एकदाच व्हावा लागतो. अभियांत्रिकीच्या बाजूने व्यवहार क्रमांकांची नोंद नोड बंद पडला तरी टिकली पाहिजे आणि मुदत मोजणारे घड्याळ कोणाचे, हे ठरले पाहिजे. एवढे झाल्यावर डेटाबेस कोणता, हा प्रश्न येतो आणि तो तुलनेने सोपा असतो.

यूपीआयची रचना आरएम-ओडीपी समोर ठेवून केली गेली, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की वर सांगितलेली साखळी कुठल्याही सेवांच्या आकृतीत दिसत नाही, आणि ती शोधण्याची शिस्त हे मॉडेल लावते. पाच दृष्टिकोनांपेक्षाही त्यांच्यातली परस्परसंगती हा या मॉडेलचा गाभा आहे. एका दृष्टिकोनातले विधान दुसऱ्यात कुठे उतरले, हे दाखवता आले पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. मॉडेलवर टीका करणारे, आणि त्याचे समर्थक म्हणवणारेही, बहुतेक वेळा पाच चौकटी काढून थांबतात आणि हा भाग सोडून देतात.

पारदर्शकतेवर आणखी एक आक्षेप असतो. दूरची वस्तू आणि जवळची वस्तू सारखीच मानणे धोक्याचे आहे, असे सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच मांडले होते, आणि ते योग्यच आहे. पण मानक सर्व प्रकारची पारदर्शकता सर्वत्र लादत नाही. कोणती हवी आणि कोणती नको, हे प्रत्येक प्रणालीने आपल्या गरजेनुसार नोंदवायचे असते. वरच्या उदाहरणात बिघाड मुद्दाम उघडा ठेवावा लागतो, आणि तसे लिहून ठेवण्याची जागा मॉडेलमध्ये आहे.

पाचपट कागदाच्या तक्रारीला नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली संस्थेचे प्रकरण उत्तर देते. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत या संस्थेच्या प्रणालीने लाखो अनाहूत सौदे केले आणि ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान ओढवले. तिथल्या नियामकाच्या आदेशातून कारण स्पष्ट झाले. आठ सर्व्हरपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला आणि एकावर जुनाच राहिला. नव्या कोडने जो फ्लॅग (कोणता कोड चालवायचा हे सांगणारी खूण) वेगळ्या अर्थाने वापरायला घेतला होता, त्याच फ्लॅगने त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षे न वापरलेला कोड जागा केला. माहितीच्या दृष्टिकोनात फ्लॅगचा अर्थ बदलला होता, अभियांत्रिकीच्या दृष्टिकोनात तो अर्थ सर्व नोडवर पोहोचला नव्हता, आणि या दोन गोष्टींचा मेळ कोणी तपासला नाही. दुसऱ्या तंत्रज्ञाने पडताळणी करावी असा लेखी नियमच तिथे नव्हता, हेही त्या आदेशात नमूद आहे. तिथे कागद जास्त झाला नव्हता, नेमका हवा असलेला एक परिच्छेद नव्हता.

शिवाय पाचही दृष्टिकोन सारख्या तपशिलात लिहा, असे मानक कुठेही म्हणत नाही. आरोग्य माहिती प्रणालींच्या आयएसओ १२९६७ या मानकाने एंटरप्राइज, माहिती आणि संगणन हे तीनच दृष्टिकोन घेतले आणि प्रत्येकाला एकेक भाग दिला. कोणी वापरत नाही, या शेवटच्या मुद्द्यालाही हेच उत्तर लागू पडते. भौगोलिक माहितीच्या सेवांचे आयएसओ १९११९ हे मानक ओडीपीच्या दृष्टिकोनांवर उभे आहे आणि अवकाश संस्थांच्या सीसीएसडीएस या समितीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली संदर्भ रचना त्यांनाच अवकाशयानांच्या गरजेनुसार जुळवून घेते. रुग्णालये, नकाशे आणि अवकाशयाने या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : अनेक स्वतंत्र संस्थांना एकमेकींच्या प्रणाली जोडाव्या लागतात आणि कोणीही एकटा मालक नसतो.

टीकेतला एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो. मानकाची भाषा रूक्ष आहे, त्याचा दुसरा भाग पहिल्या वाचनात कळणे कठीण आहे, आणि एकाच चमूने एका डेटाबेसवर चालवलेल्या छोट्या अ‍ॅप्लिकेशनला त्याची गरज नाही. बदल झाला की दृष्टिकोनांमधली संगती जुनी पडते, ही अडचणही खरी आहे. तिच्यावर मला उपयुक्त वाटणारा उपाय असा की संगतीची विधाने वेगळ्या दस्तऐवजात न ठेवता चाचण्या म्हणून कोडशेजारी ठेवावीत. व्यवहार अनिर्णित असताना दुसरा दिवस संपला आणि रक्कम उलटवण्याची क्रिया सुरू झाली नाही, तर ती चाचणी नापास होईल आणि नवा कोड पुढे जाणार नाही. त्या चाचणीच्या वरच्या ओळीत परिपत्रकाची तारीख लिहिलेली असली, म्हणजे हा नियम कोणी आणि का घातला, हे पुढच्या अभियंत्याला शोधत बसावे लागणार नाही.