टीव्हीवरचा कांदा आणि आमच्या चाळीतला कांदा

14 सप्टेंबर 2020 ची संध्याकाळ मला चांगली आठवते. कोरोनामुळे मी गावी, निफाड तालुक्यात, वर्क फ्रॉम होम करत होतो. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, उन्हाळ कांदा भरलेला, त्यातला बराचसा पावसाने सडलेला, आणि उरल्यासुरल्याला कुठे आत्ता बरा भाव फुटायला लागला होता. तेवढ्यात तात्यांच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज पडला, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. तात्या म्हणाले टीव्ही लाव. लावला. मराठी झाले, हिंदी झाले, सात-आठ चॅनल फिरवले, सगळीकडे सुशांत, रिया, ड्रग्ज, चॅट. एका चॅनलवर खालच्या पट्टीत कांदा सरकत आला, वाचेपर्यंत गेलापण. आणि मला आजही ज्याची गंमत वाटते ते पुढेच झालं, पाच मिनिटांनी तात्या स्वतःच रियावर बोलायला लागले! ज्या माणसाचा माल चाळीत पडलाय, उद्या लिलावात काय होणार ते ज्याला कळून चुकलंय, तो मला सांगतोय की "त्या पोरीला सोडता कामा नये."

(ड्रग्जच्या त्या केसमध्ये रिया 28 दिवस जेलमध्ये होती. सुशांतच्या मृत्यूच्या तपासात सीबीआयने मार्च 2025 मध्ये क्लोजर रिपोर्ट दिला. तात्यांना हे मी सांगितलं तेव्हा कळलं, दिवसभर टीव्ही चालू असतो घरात.)

लोक म्हणतात मीडिया खोटं दाखवतो. दाखवत असेलही, पण मला त्याहून जास्त खटकतं ते हे की कॅमेरा कुठे उभा आहे यावर आपलं अर्धं मत तयार होतं आणि आपल्याला पत्तापण लागत नाही. कांदा महागला की कॅमेरा दादर नाहीतर वाशीच्या मार्केटमध्ये, एक ताई पिशवी घेऊन उभी, "गृहिणींचं बजेट कोलमडलं", "कांद्याने डोळ्यांत आणलं पाणी". बरं त्या ताई खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच महाग पडतो. पण तोच कांदा लासलगावला मातीमोल झाला की कॅमेरा येत नाही, आला तर कुणीतरी रस्त्यावर गोण्या ओतल्यावर. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडं सगळं वजा जाता 2 रुपयांचा चेक मिळाला, ते देशभर दाखवलं. का, तर चेक दाखवता येतो. त्या महिन्यात आमच्याही पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) बघण्यासारख्या होत्या, पण तोट्यातल्या साध्या हिशोबपट्टीकडे कोण झूम करणार.

आणि याचा थेट राजकारणाशी संबंध आहे, उगाच बोलत नाही. महागाई मोजतात त्या टोपलीत कांद्याचं वजन एक टक्कापण नाही, पण 1998 ला दिल्लीत भाजपचं सरकार गेलं त्यात कांद्याचा मोठा हात होता, तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, शहरात कांदा चढला की धडकीच भरते. 29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी, आपली विधानसभा महिन्यावर आलेली असताना. 2020 ला परत. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी. एवढं होऊन स्टुडिओत बसलेल्यांना कांदा हा फक्त भाजीचा विषय वाटत होता. 2024 च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल महाराष्ट्रात महायुतीला पुढे दाखवत होते, निकाल लागला तर आघाडी 30, महायुती 17. दिंडोरीत तर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, निवडून आले भास्कर भगरे, पेशाने शिक्षक. मग 4 जूनच्या रात्री सगळ्या तज्ज्ञांना एकदम कांदा सापडला. अहो, आमच्या गावातल्या पारावर सहा महिने दुसरा विषय नव्हता, इथे यायला कुणी अडवलं होतं?

शहरातल्या लोकांवर माझा राग नाही, माझं स्वतःचं घर आता पुण्यात आहे, मीपण कांदा विकतच घेतो (तात्यांनी गोणी पाठवली नाही तर). पण 2020 च्या बंदीनंतर चार दिवसांनी डोंबिवलीच्या आत्याचा फोन आला होता, तीच आत्या जी याच शिवारात कांदे खुरपून मोठी झाली, आणि म्हणते कशी, "काय रे, तुमची तर चांदीच चांदी आहे म्हणे, टीव्हीवर दाखवलं!" तात्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. वीस वर्षं शहरात टीव्ही बघितला की सख्ख्या भावाच्या चाळीपेक्षा स्क्रीनवरचा आकडा खरा वाटतो, याला काय म्हणायचं मला सुचत नाही.

तर निकालानंतर एक रिपोर्टर खरंच गावात आला. पोरगा चांगला होता बिचारा, उन्हातान्हात फिरत होता. तात्यांना चाळीपुढे उभं केलं, हातात दोन कांदे दिले आणि म्हणाला काका, जरा चेहरा गंभीर ठेवा. तात्यांनी विचारलं, "रडू का?" मग वीस मिनिटं बोलले, बियाणं, मजुरी, डिझेल, बंदी, पट्टी, सगळं. संध्याकाळी लागलं ते मोजून चार-पाच सेकंद, "शेतकरी नाराज आहे" एवढंच, आणि खाली गावाचं नाव चुकीचं. तात्यांनी ते माझ्याकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि पहिलं आत्याला पाठवलं. तिचा लगेच रिप्लाय, हसरे इमोजी आणि हार्ट, "दादा टीव्हीवर!! छान दिसतोयस. कांदा पाठव ना थोडा, इथे चाळीस झालाय."