घोंगडंपण विणलेलं, बनियनपण विणलेलं... मग भांडण कशाचं?

पाटीलदादा, माझ्या विणकामावरच्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. "आमचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणतायत आणि तुम्ही म्हणताय विणलेले कपडे इंग्रजांनी आणले, जरा पट्टणकोडोलीच्या यात्रेला येऊन बघा" असं तुमचं म्हणणं. आता यात्रेला मी दरवर्षी असतोय, भंडाऱ्यानं पिवळा होऊन आलो की बायको दारातच अडवते, त्यामुळं ते सोडा, मुद्द्यावर येऊ.

सगळा घोळ आपल्या मराठीनं घातलाय. मागावर कापड काढलं तरी 'विणलं' आणि आजीनं दोन सुयांवर टोपडं केलं तरी 'विणलं'च. मी लिहिलं ते सुयांच्या विणकामाबद्दल, पण ते पहिल्याच ओळीत सांगायला पाहिजे होतं, ती चूक माझी. घोंगडं मागावरचं, म्हणजे उभा ताणा, आडवा बाणा, दोन वेगळे धागे एकमेकांच्या खालून-वरून. आमच्या वडिलांची अख्खी हयात इचलकरंजीत यंत्रमागावर गेली, धोटा न् कांडी हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलोय, तेव्हा मागाला कमी लेखायचा प्रश्नच येत नाही. पण स्वेटर, मोजे, बनियन, टीशर्ट ही जातच वेगळी. एकच धागा, त्याचे फासे, आणि प्रत्येक फासा आधीच्या फाशातून ओढलेला.

खोटं वाटत असेल तर घरातलं जुनं बनियन घ्या आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. सुलट बाजूला वेणीच्या पेडासारखे बारीक टाके एकाखाली एक उतरत गेलेले दिसतील, उलट बाजूला आडव्या लाटा. आता कात्रीनं कापा, कड आपोआप गुंडाळी होते. घोंगड्याची कड अशी वळत नाही, तिथं दशा सुटतात. आणि फासा ताणला की लांबतो, म्हणून तर बनियन बटणाशिवाय डोक्यातून जातं.

दुसरा मुद्दा, "इंग्रजांनी शोध लावला हे कुठून आणलं?" इथं मात्र तुम्ही मला बरोबर धरलंत, ते वाक्य घाईत लिहिलं गेलं. सुयांवरच्या विणकामाचे सगळ्यात जुने तुकडे इजिप्तमध्ये सापडलेत, साधारण ११व्या ते १४व्या शतकातले, आणि ते चक्क सुती, निळीनं रंगवलेले निळे-पांढरे मोजे. स्पेनच्या १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात विणलेली रेशमी उशी निघाली. इंग्रज यात कुठंच नाहीत. लंडनच्या एका म्युझियममधले लाल मोजे याच्याहून कितीतरी जुने, तेही इजिप्तचेच, पण ते एका सुईनं, अख्खा धागा प्रत्येक फाशातून ओढून केलेले, म्हणजे आणखी तिसराच प्रकार. त्यांचा अंगठा वेगळा काढलाय, पट्ट्याच्या चपलेत घालता यावा म्हणून. कोल्हापुरी घालणाऱ्यानं बघितलं तर लगेच ओळखेल.

इंग्रजांचं खरं योगदान मशीनचं. १५८९ मध्ये विल्यम ली नावाच्या माणसानं मोजे विणायचा साचा काढला. राणी एलिझाबेथनं पेटंट नाकारलं, हातानं विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात, आणि तो बिचारा फ्रान्सला गेला. पुढं १८११ पासून नॉटिंगहॅमकडच्या कामगारांनी हेच साचे फोडले. "यंत्राला घाबरलेले अडाणी लोक" असं तुम्ही त्यांना म्हणालात ते मला पटलं नाही. साचे तोवर दोनशे वर्षं जुने होते हो, हे लोक स्वतः त्याच्यावरच पोट भरत होते! त्यांचा राग कमी मजुरीवर, आणि मालक रुंद कापड विणून ते कापून स्वस्त मोजे शिवायला लागले त्यावर. आता वर बनियन कापलंत ना, मग कळेल, कापलेले फासे शिलाईपाशी सुटतात, मोजा चार दिवसांत उसवतो आणि नाव कारागिराचं खराब होतं. सरकारनं १८१२ मध्ये साचा फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. कवी बायरननं तिथल्या वरच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केलं, उपयोग झाला नाही.

लेखातलं ते इंग्रजांचं वाक्य आज दुरुस्त करतो. पुढच्या यात्रेला भेटू, घोंगडं तुम्ही आणा, बनियन मी घालूनच येतो.