आईची थेट बस

दर रविवारी आईला फोन केला की पाचव्या मिनिटाला बस येते. म्हणजे बोलण्यात येते. चेंबूरच्या थांब्यावर तिला कधीकधी पाऊण तास लागतो.

बेस्टला पैसा द्या, स्वतःच्या गाड्या घ्या, भाड्याच्या गाड्यांची कंत्राटं बंद करा, हा भावाचा नेहमीचा आग्रह. मला तो पटतोही. पण पैसा येईपर्यंत आहेत त्याच गाड्या कुठून कुठे पळवायच्या, यावर तो कधी तावातावाने बोलत नाही.

मी ह्यूस्टनमध्ये राहते. मोटारींचं गाव, बसने जाणाऱ्याकडे लोक जरा कीव करून बघतात. याच गावाने १६ ऑगस्ट २०१५ला, रविवारी, शहरातले बसमार्ग एका रात्रीत बदलले. आधी बहुतेक गाड्या डाउनटाउनकडे, म्हणजे शहराच्या मध्यभागाकडे धावायच्या. नंतर उभ्याआडव्या मार्गांचं जाळं आलं आणि मुख्य मार्गांवर रविवारीसुद्धा दर १५ मिनिटांनी गाडी. तिजोरी फारशी न उघडता हे करायचं म्हणजे कुणाच्या तरी दारची फेरी काढून घेणं आलं. तिथल्या बससेवेच्या संचालक मंडळाने ते आडपडदा न ठेवता ठरवलं: ८० टक्के सेवा प्रवासी भरपूर मिळतील तिथे, २० टक्के प्रवासी कमी पण बसवाचून अडणारे असतील तिथे. विरळ वस्त्यांतले लोक चिडले. रास्तच होतं.

आता हे आईला लावून बघते. समजा, दादरची थेट बस बंद; सायनला बदलायची, पण दोन्ही गाड्या दर ८ मिनिटांनी. हिशेबाने ती लवकर पोचते. तरी नाहीच म्हणते. जुलैत पिशवी सांभाळत उतरा, चिखलातून पुढच्या गाडीत घुसा, जागा मिळेलच असं नाही. वर पुन्हा तिकीट! इथे ह्यूस्टनमध्ये कार्डावर ३ तास गाड्या बदलल्या तरी भाडं एकदाच. मुंबईत मे २०२५मध्ये किमान भाडं ५चं १० रुपये झालं, म्हणजे गाडी बदलली की निदान १० रुपये पुन्हा मोजा. पासवाला सुटतो, महिन्यातून चारदा बाहेर पडणारी आई पास कशाला काढेल? आणि ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या गाडीत बेस्टचा पास चालत नाही, ते वेगळंच.

म्हणून भावाला म्हटलं, आधी तिकीट एक करा, मग मार्ग तोडा. तो म्हणाला, "तुला तिथे बसून सोपं वाटतं." आईला विचारलं, एकाच तिकिटात जमलं तर?

"सायनला थांब्यावर बाक आहे का गं?"

मला सांगता येईना. भाऊ बघून येणार आहे.