स्थिर की चल?

मोटार जळाली. शेतीला थ्री-फेज वीज आठ तास, तीही कधी दिवसा, कधी मध्यरात्री, आणि दाब एवढा कमी की मोटार इतके दिवस टिकली हेच नवल. चेन कप्पीवाला फोन उचलेना. शेवटी विहिरीवर तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, रहाटाची जुनी कप्पी टांगली आणि मी नि पुतण्या दोराला लागलो. मोटार 60 किलो, मी 58. पुतण्या नसता तर ती खालीच राहून मी वर गेलो असतो.

मोटार निम्म्यावर आली आणि बांधावर गुरुजी अवतरले. आम्हाला विज्ञान शिकवायचे.

"थांब. कप्पी स्थिर की चल?"

"गुरुजी, हात सोलवटलेत."

"हाताचं नंतर बघू. स्थिर की चल?"

"स्थिर."

"यांत्रिक फायदा?"

"शून्य," पुतण्या दात आवळून म्हणाला.

"शून्य कसा? एक! स्थिर कप्पी नुसती दिशा बदलते. 60 किलोला 60 किलोच ओढावे लागतात, वर घर्षण. खालती चल कप्पी लावलीत तर भार दोन पदरांवर वाटला जाईल, 30 किलोत काम. सोडा मोटार खाली."

निम्म्यावर आलेली मोटार आम्ही निमूटपणे खाली सोडली. का, ते विचारू नका. या माणसाने मला अंगठे धरून उभं केलेलं आहे. गुरुजींनी स्कूटरच्या डिकीतून दुसरी कप्पी काढली. स्कूटरच्या डिकीत कप्पी घेऊन कोण हिंडतं?

दोराचं एक टोक तिकाटण्याला बांधलं, चल कप्पी ओवली, पुतण्या पायऱ्यांनी तळाशी उतरला. मे महिना, गुडघाभर पाणी.

"काका, आकडा तळापासून दहा फूट वरच लोंबतोय!"

विहीर 40 फूट, दोर 60 फूट. दुपदरी केल्यावर राहिला 30.

"बरोबर आहे," गुरुजी खूश झाले. "जोर निम्मा, तर दोर दुप्पट. यंत्र फुकट काही देत नाही. 80 फूट दोर हवा, वर हाताशी धरायला थोडा जास्त."

हे मोटार वर असताना सांगता आलं नसतं? आणि तासभरात त्यांनी दोराला बोट लावलं नाही. तब्येतीचं कारण नाही, रोज पहाटे टेकडी चढतात. शिकवलेल्या पोरांच्या घामावर यांचा प्रयोग, आणि चुकला तर पोरांचा दोर तोकडा!

शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला. दोर पुन्हा एकेरी केला, टोक ट्रॅक्टरला बांधलं, आणि तो दहा-पंधरा पावलं जातो न जातो तोच गुरुजी आडवे. "या मांडणीत यांत्रिक फायदा किती?"

"गुरुजी, सरका," ड्रायव्हर म्हणाला. तो दुसऱ्या शाळेचा.

मोटार वर आली. रिवाइंडिंगवाला म्हणतो, आठवडा लागेल. संध्याकाळी गुरुजींचा नातू दारात.

"आजोबांनी कप्पी मागितलीय. आणि ग्रीस लावून द्या म्हणाले."