पैनगंगेच्या दोन्ही काठांची कोलामी

मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही हौसेने स्टेटस ठेवलं होतं. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोलाम आदिवासींच्या कोलामी भाषेला शिकलेली माणसंसुद्धा 'ती गोंडीचीच बोली ना?' म्हणतात, तेव्हा डोकं फिरतं. शेजार गोंडीचा, कूळ वेगळं. अभ्यासक कोलामीला मध्य द्राविडी शाखेत परजी, गदबा या भाषांसोबत ठेवतात. तिच्या स्वतःच्याच बोली आहेत: वर्ध्याकडची एक, आदिलाबादकडची दुसरी. चंद्रपूरकडची नायकी तर कित्येकांच्या मते स्वतंत्र भाषाच.

या भाषेचं व्याकरण १९५० साली लिहिलं ते सेतुमाधवराव पगडींनी. होय, तेच, शिवकाळावर लिहिणारे इतिहासकार. त्यांचं हे काम आपल्याकडे कुणी काढतही नाही.

मग १९५६ ची प्रांतरचना आली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट, राजुरा मुंबई राज्यात आले, उरलेला आदिलाबाद आंध्रात (आताच्या तेलंगणात) गेला. मराठी आणि तेलुगू दोघींची सोय झाली. सीमारेषा मात्र कोलामांच्या मधून गेली. आता पैनगंगेच्या अलीकडच्या पोडावरचं, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचं, पोर मराठी शाळेत बसतं, पलीकडच्या गुड्यावरचं तेलुगू शाळेत. घरात दोघंही कोलामी बोलतात, पण एकमेकांना साधी चिठ्ठी लिहू शकत नाहीत.

'मग काय मराठी शिकवायची नाही का?' असं कुणी तरी विचारणारच. शिकवा की! तहसील, दवाखाना, बाजार सगळं मराठीतच चालतं, हे आईबापांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. प्रश्न पहिलीच्या पोराचा आहे. गुरुजी काय म्हणतात ते कळत नाही म्हणून ते गप्प बसतं आणि आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतो.

लिपी देवनागरी की तेलुगू, हा वाद आत्ताच नको, त्यात दहा वर्षं जातील. आधी ऐकण्याचं साहित्य करा. म्हाताऱ्यांकडून गोष्टी, गाणी रेकॉर्ड करा, तीच दोन्ही राज्यांतल्या पहिली-दुसरीच्या वर्गात वाजवा. शिकवायला पोडावरचीच एखादी शिकलेली पोरगी घ्या आणि तिला नीट पगार द्या, मानधनाच्या नावाखाली चिल्लर नको. २०११ च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सव्वा लाखाच्या वर होते, म्हणजे ऐकणारे कान आहेत.

पांढरकवड्याला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, तिकडे आदिलाबादकडे उटनूरलाही आहे. या दोन कार्यालयांची एक बैठक लावायला कुणाची हरकत आहे?