चहा स्वस्त झाला होता, तरीही

गेले दोन महिने मी मुलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टर शहराजवळ राहते आहे. ‘इंग्रजांनी कर लादले म्हणून अमेरिकेत क्रांती झाली’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलंय. मीही वर्षानुवर्षं वर्गात तेवढंच सांगून पुढच्या धड्याकडे वळत आले. इथे आल्यावर त्या काळाबद्दल मिळेल ते वाचलं, आणि आता ते वाक्य मला अपुरं वाटतं. म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल, पण वाचा.

आधी चहाचंच बघा. मे १७७३ मध्ये ब्रिटिश संसदेने चहाचा कायदा केला, त्यामुळे अमेरिकेतला चहा महाग नाही, स्वस्त होणार होता! ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती. तिला इंग्लंडमधली जकात माफ झाली आणि अमेरिकेत आपल्याच अडत्यांमार्फत थेट माल विकायची मुभा मिळाली. डचांकडून चोरून येणाऱ्या चहापेक्षाही हा चहा स्वस्त पडला असता. पौंडामागे ३ पेन्सचा जुना कर तेवढा ठेवला होता. आणि तरीही १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. (तो चहा चीनचा होता. भारतात तेव्हा चहाचे मळे नव्हतेच.)

स्वस्त चहा कोण फेकून देतं? ज्याला कळलंय की हा घोट घेतला की कर मान्य असल्याची सही केल्यासारखंच आहे, तो. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये लोकांनी निवडून दिलेल्या सभा होत्या. व्हर्जिनियाची तर १६१९ पासूनची. कर बसवायचा तर आपल्या सभेने, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लंडनच्या संसदेत त्यांचा एकही माणूस नव्हता. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धानंतर ब्रिटनवरचं कर्ज १२ कोटी पौंडांच्या वर गेलं, तेव्हा त्या संसदेने १७६५ मध्ये स्टँप कायदा आणला. वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, परवाने, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही मुद्रांक. म्हणजे नेमके छापखानेवाले आणि वकील दुखावले, ज्यांचा आवाज गावभर पोचतो ते! बोस्टनमध्ये मुद्रांक वाटायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला आणि त्याने ते काम सोडलं. पुढच्या मार्चमध्ये कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा करून बजावलं, की वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करायचा आम्हाला पूर्ण हक्क आहे. माझ्या मते खरी ठिणगी इथे आहे. कर गेला, पण मालकी कोणाची हे तोंडावर सांगितलं गेलं.

एक गोष्ट वाचताना तर मी थबकलेच. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाची बातमी या लोकांपर्यंत पोचली होती. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने १७७३ च्या अखेरीस लिहिलं, की ज्या कंपनीने तिकडे धान्य अडवून माणसं उपाशी मारली, तीच आता आपल्याकडे वळली आहे. आपल्या माणसांच्या मरणाचा दाखला देऊन तिथला माणूस आपल्या गावकऱ्यांना सावध करत होता. दोन्हीकडे कंपनी एकच, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

पण राग आला म्हणून कोणी राज्य उलथवत नाही. त्यासाठी सवय लागते, आणि ती या लोकांनी आठ-दहा वर्षांत अंगी बाणवली. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद, चहा यांवर कर आले तेव्हा विलायती माल घ्यायचा नाही असं ठरलं. बायका धर्मगुरूंच्या घरी चरखे घेऊन जमायच्या आणि दिवसभर सूत कातायच्या. ज्यांना मत नव्हतं, त्यांच्या हातात अचानक राजकारण आलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडंटन गावात १७७४ मध्ये ५१ बायकांनी स्वतःच्या नावाने बहिष्काराच्या ठरावावर सह्या केल्या. १७७२ पासून बोस्टनची पत्रव्यवहार समिती गावोगावी पत्रं धाडू लागली आणि गावं सभा भरवून उत्तरं देऊ लागली.

यातलं सगळंच उजळ नव्हतं, तेही लिहिलंच पाहिजे. विरोधकांना गरम डांबर फासून पिसं चिकटवण्याचे प्रकार झाले. ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वसायला राजाने १७६३ मध्ये बंदी घातली, त्याचा संताप होता, कारण तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर यांचा डोळा होता. आणि मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी १७७३ मध्ये याच स्वातंत्र्याच्या भाषेत विधिमंडळाकडे अर्ज केले, तेव्हा त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

आता वुस्टर. चहाची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बोस्टनचं बंदर बंद केलं. इतर वसाहतींनी तांदूळ, मेंढरं पाठवून शहर जगवलं. पण खेड्यांना झोंबला तो दुसराच कायदा. मॅसॅच्युसेट्सचं निवडलेलं सल्लागार मंडळ गेलं, तिथे राजाची माणसं आली. गावसभा वर्षातून एकदाच, पुढची हवी असेल तर गव्हर्नरची परवानगी. ज्युरी निवडणार शेरीफ, म्हणजे गव्हर्नरने नेमलेला अधिकारी. कर्जाच्या दाव्यात शेतकऱ्याची जमीन जप्त करणारं कोर्ट आता त्याला मुळीच जाब न देणाऱ्यांच्या हातात!

६ सप्टेंबर १७७४ ला वुस्टरचं कोर्ट भरणार होतं. मॅसॅच्युसेट्सचा ब्रिटिश गव्हर्नर गेज सैन्य पाठवणार अशी हवा होती, पण सैन्य आलं नाही. आली ती ३७ गावांतली माणसं, मोजून ४,६२२. कोर्टाची दारं त्यांनी आधीच अडवली होती. न्यायाधीश जवळच्या टॅव्हर्नमध्ये जाऊन बसले. मग मेन स्ट्रीटवर दोन रांगा उभ्या राहिल्या, गावागावाच्या तुकड्या आपापल्या जागी, आणि मधून न्यायाधीश, वकील, शेरीफ यांना टोपी हातात घेऊन चालायला लावलं. या कायद्याखाली कोर्ट चालवणार नाही, हे लिहून दिलेलं त्यांनी मोठ्याने वाचायचं. मागच्यांना ऐकू जाईना, म्हणून थोडं पुढे गेलं की पुन्हा वाचायचं. असं तीसहून अधिक वेळा.

एक गोळी सुटली नाही. जिथून युद्धाला तोंड फुटलं त्या लेक्सिंग्टनच्या लढाईला अजून सात महिने होते.

काल संध्याकाळी मुलीला घेऊन मी त्याच रस्त्याने चालत गेले. रस्ता चढाचा आहे, गाड्या सारख्या जात असतात. ती म्हणाली, “आई, एवढ्या माणसांना इथे उभं राहायला जागा तरी कशी पुरली असेल?” आम्ही दोघी पावलं मोजत टेकडीपर्यंत गेलो.