उजेड डावीकडून, वरून येतो रे बाबांनो!

आली. आणखी एका अ‍ॅपची ‘नव्वदच्या दशकातलं इंटरनेट’ थीम आली. आणि पुन्हा तेच: राखाडी बटण, गोल कोपरे, खाली मऊ, धुरकट सावली. धुरकट! २५६ रंगांच्या पडद्यावर ती धुरकट सावली आणली असतीत कुठून?

नव्वदच्या त्या खऱ्या बटणात इतकं अवघड काय आहे, ते तरी सांगा. पृष्ठभाग १९२-१९२-१९२ (लाल, हिरवा, निळा, प्रत्येक शून्य ते २५५ मध्ये), म्हणजे राखाडी. एक पिक्सेलची बाहेरची कड: वर आणि डावीकडे पांढरी, खाली आणि उजवीकडे काळी. तिच्या आत आणखी एक पिक्सेल: वर-डावीकडे २२३ चा राखाडी, खाली-उजवीकडे १२८ चा. संपलं बटण. दाबलं की कडा उलट्या होतात आणि अक्षरं एक पिक्सेल उजवीकडे, एक खाली सरकतात. त्या एका पिक्सेलमुळेच तर बटण खरंच आत गेल्यासारखं वाटायचं. आज हे सगळं सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) चार इनसेट बॉक्स-शॅडोंत, म्हणजे आतल्या बाजूच्या सावल्यांत होतं, ब्लर (धुरकटपणा) शून्य. फक्त आधी लिहिलेली सावली वर बसते, म्हणून एक पिक्सेलवाल्या दोन आधी, दोन पिक्सेलवाल्या नंतर. क्रम चुकला की बाहेरची कड झाकली जाते. या महाभागांनी काय केलंय? चारही बाजूंना सारखीच पांढरी कड, आणि दाबल्यावर बटण फुगतं. फुगतं! बटण आहे की फुगा?

मग त्या ८८ बाय ३१ पिक्सेलच्या चिमुकल्या पट्ट्या, तेव्हा लोक आपल्या पानावर लावायचे त्या चित्र-बटणांच्या. त्या ताणल्यात २०० पिक्सेल रुंदीला. २०० भागिले ८८ म्हणजे सव्वादोनपेक्षा थोडं जास्त, म्हणजे धड पूर्ण पट नाही. मग ब्राउझर मधले रंग स्वतःच भरतो आणि अक्षरांचा चिखल होतो. दुप्पट करा ना, १७६ बाय ६२, आणि सीएसएसमध्ये ‘इमेज-रेंडरिंग’ला ‘पिक्सेलेटेड’ द्या, म्हणजे ब्राउझर मधले रंग भरत नाही. एक ओळ! नुसतं ‘पिक्सेलेटेड’ देऊन २०० च ठेवलंत, तर काही पिक्सेल जाड, काही बारीक, तेही नको.

आता निघालाच आहे विषय तर ती जांभळी निऑन जाळी आणि मावळता सूर्य कुठून आले तेही सांगा. ते ऐंशीच्या दशकाचं सोंग, वेबचा त्याच्याशी काय संबंध? व्हिडिओ कॅसेटचे ओरखडे, टीव्हीच्या आडव्या रेघा, गेम कन्सोलचा ठोकळेबाज फॉन्ट, सगळं एकाच पातेल्यात. तेव्हाच्या पानांवर बिचारा टाइम्स न्यू रोमन असायचा, फार हौस असेल तर कॉमिक सॅन्स. आणि नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरच्या चौकटीत मार्की, म्हणजे सरकती अक्षरं, पळवणारे तर वेगळेच थोर. मार्की इंटरनेट एक्स्प्लोररची, ब्लिंक (लुकलुकणारी अक्षरं) नेटस्केपचं; एक्स्प्लोररनं ब्लिंक कधी लुकलुकवलंच नाही.

शिवाय हे ‘साधं, जुनं’ पान ९ एमबीचं. ५६ के मोडेमवर सेकंदाला ५ केबी मिळाले तरी अर्धा तास. तोवर आईनं फोन उचललेला असायचा आणि लाइन तुटलेली.

लोकांना फुकट पानं बनवू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद पडलं, पण त्यातली ढीगभर पानं लोकांनी जतन करून ठेवलीयेत. उघडून बघायला काय होतं?

बरं, उघडलीत तर दिसेल काय? चांदण्यांच्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, एकही ओळ वाचता येत नाही. ‘काम चालू आहे’चा फावडेवाला, ज्याचं काम कधी संपलंच नाही. कडेला पांढरी किनार असलेली चित्रं, कारण गिफ या चित्रांच्या फाइल-प्रकारात पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर अजिबात नाही, आणि कडा गुळगुळीत केलेल्या पांढऱ्यावर. म्हणजे भांडण चाललंय ते कुरूपपणाची नक्कल अचूक झाली नाही म्हणून. ८०० टक्के झूम करून. असो. कुणीतरी मोजायला हवेतच पिक्सेल.

एक मात्र या थीममध्ये तंतोतंत जमलंय: बघून झालेल्या लिंकचा जांभळा, ८५-२६-१३९. तिथे कुणी हातच लावलेला नाही, तो ब्राउझरचा आपोआप येतो.